साहेबांचा पासवर्ड सगळ्या ब्रँचला पाठ होता

खूप दिवसांपासून मनात होतं, आज रविवार आहे तर लिहूनच टाकते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत काउंटरवर बसते, बारा वर्षं झाली. बँकेचं नाव लिहीत नाही, आणि लिहायची गरजही नाही, कारण तहसीलपासून सेतू केंद्रापर्यंत कुठेही जा, कमीजास्त हेच दिसतं.

बँकेत एक पद्धत असते, एकानं एन्ट्री टाकायची आणि दुसऱ्यानं ती पाहून पास करायची, मेकर आणि चेकर. एकट्याच्या हातून पैसा बाहेर जाऊ नये म्हणून केलेली सोय आहे ती. आमच्याकडे पास करायचं काम साहेबांचं, पण साहेब वसुलीसाठी सारखे खेड्यावर, मग पास कोण करणार, तर ज्यानं एन्ट्री टाकली तोच, साहेबांच्या पासवर्डनं. मी स्वतः शेकडो वेळा टाकला असेल तो. त्यात काही चुकतंय असं कोणालाच वाटत नव्हतं, उलट साहेबांनी पासवर्ड दिला म्हणजे आपल्यावर भरोसा आहे, आणि जो देत नाही तो संशयी माणूस, असंच आम्ही धरून चालायचो. आपल्याच माणसापासून काय लपवायचं!

दोन वर्षांआधीची गोष्ट, कापसाचा सीझन, त्यात सोमवार म्हणजे बाजाराचा दिवस, ब्रँचमध्ये पाय ठेवायला जागा नाही. जिनिंगवाल्या शेठचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, अमुक खात्यात १ लाख ८० हजार टाका, चेक संध्याकाळी पाठवतो. शेठ नेहमी असंच करायचे. नंबर शेठचा, फोटो शेठचा, लिहायची पद्धत पण शेठचीच. आमच्या पोट्ट्यानं (नवीनच लागला होता, हुशार, लहान भावासारखा आहे मला) एन्ट्री टाकली, साहेबांच्या पासवर्डनं पास केली, एनईएफटी गेलं. पाच वाजता त्यानं चेकसाठी फोन केला तर शेठ म्हणतात, कोणता चेक बाप्पा?

झालं असं होतं की शेठच्या मोबाईलवर गाडीच्या चालानची म्हणून एक एपीके फाइल (उघडली की मोबाईलमध्ये ॲप बसवते ती) आली, त्यांनी ती उघडली आणि तेव्हापासून त्यांचं व्हॉट्सॲप दुसराच कोणी वापरून राहिला होता. जुने मेसेज वाचून त्याला समजलं की या ब्रँचमधून नुसत्या मेसेजवर पैसे निघतात. आमच्या कॉम्प्युटरला कोणी हातही लावला नव्हता. ट्रेनिंगमध्ये आम्हाला २०१८ चं कॉसमॉस बँकेचं प्रकरण दाखवतात, मालवेअर, क्लोन केलेले एटीएम कार्ड, ९४ कोटी गेले, ते पाहून वाटतं की हे शहरातलं, मोठ्या लोकांचं काम, आपल्या गावात कोण येते.

पण मला खरं सांगायचं आहे ते याच्या पुढचं. त्या पोट्ट्याच्या खुर्चीच्या मागेच १९३० चं, म्हणजे सायबर फसवणूक कळवायच्या हेल्पलाइन नंबरचं पोस्टर होतं, त्यानंच चिकटवलेलं. त्याला माहीत होतं की १९३० वर लगेच कळवलं तर पैसा ज्या ज्या खात्यात गेला तिथे तो थांबवायला बँकांना निरोप जातो, आणि उशीर झाला की तोच पैसा भाड्यानं घेतलेल्या दुसऱ्यांच्या खात्यांमधून तुकडे तुकडे होऊन एटीएममधून निघून जातो. सर्ट-इनचा (सायबर सुरक्षा पाहणारी केंद्र सरकारची संस्था) एप्रिल २०२२ चा आदेशच आहे की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. पोट्ट्यानं दोन दिवस कोणालाच सांगितलं नाही. शेठला म्हणाला, चुकून लागला फोन. मंगळवारी सुट्टी टाकून सासऱ्याकडे पैसे मागायला गेला. बुधवारी डब्बा खाताना पाहिलं तर पोळीचा तुकडा भाजीत बुडवून तसाच हातात धरून बसलेला, रस्सा मनगटापर्यंत ओघळून राहिला, त्याचं लक्षच नाही. मी म्हटलं, काय झालं रे? तेव्हा रडला. "ताई, साहेब सगळ्यांसमोर बोलतीन मले."

त्याचं चूक नव्हतं. सहा महिन्यांआधी आमच्या कॅशियर बाईंच्या हिशोबात ५०० रुपये कमी आले होते, साहेब भर गर्दीत कास्तकारांसमोर त्यांना वाट्टेल ते बोलले, आणि आम्ही सगळे माना खाली घालून नोटा मोजत बसलो, मी पण. इथे चूक झाली तर ती दाबायची असते, हे त्या पोट्ट्याला त्याच दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलं होतं.

मी त्याला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले, तिथूनच १९३० ला फोन लावला. २२ हजार एका खात्यात अडकले, बाकीचे सोमवारी रात्रीच निघून गेले होते.

वरून चौकशी आली, आणि मग आले नियम. दर महिन्याला पासवर्ड बदला, तर तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलेला दिसू लागला. इंग्रजी पीपीटीचं दोन तासांचं ट्रेनिंग झालं, सह्या झाल्या, फोटो निघाला. दुसऱ्याच दिवशी मी एका आजीला जमा पैशाचा हिशोब लिहून दिला तो कागद उलटा करून पाहते तर मागे दुसऱ्याच माणसाच्या आधारची खराब निघालेली झेरॉक्स, पूर्ण बारा आकडे, फोटो, पत्ता. आम्ही असे वाया गेलेले कागद वर्षानुवर्षं रफ म्हणून वापरत होतो. नियम लावून हे बदलत नाही हो, त्या आधारवाल्या माणसाबद्दल वाटलं पाहिजे काही.

बदललं ते एका वेगळ्याच गोष्टीनं. चौकशीवाल्यांसमोर साहेब म्हणाले, पासवर्ड माझा होता, मीच वाटला, पोराच्या आधी माझं नाव लिहा. आणि बाहेर येऊन कॅशियर बाईंची माफी मागितली, तीही काउंटरवर, लोकांसमोर. त्यानंतर हळूहळू माणसं बोलायला लागली. शिपाई काकांनी येऊन सांगितलं की त्यांनीपण एक लिंक दाबली आहे, काय करू. पहिले असते तर मेले असते पण बोलले नसते काका.

ज्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत ना, शाळेत, पतसंस्थेत, दवाखान्यात, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पोस्टर लावा, ट्रेनिंग घ्या, पण चूक कबूल करायला आलेल्या माणसाला पहिले खुर्ची द्या, पाणी द्या, मग विचारा.

मागच्या आठवड्यात तेच शेठ स्वतः चेक घेऊन आले, घाईत होते. पोट्ट्यानं एन्ट्री टाकली आणि म्हणाला, साहेब आले की पास होईल. शेठ चिडले, "मी समोर बसून आहो ना बाप्पा, काहून थांबवून राहिला?" यानं त्यांना चहा सांगितला आणि साहेबांना फोन लावला. साहेब खेड्यावरून निघालेच होते, म्हणाले, बरं केलं, बसव त्यांना, आलोच. पाऊण तास लागला.