आठ भोवऱ्यांचा नवरदेव

आमच्या घरी ॲबिसिनियन जातीचा गिनीपिग आला, त्या दिवशी आईने चष्मा लावून त्याच्या अंगावरचे भोवरे मोजले. या जातीला प्रदर्शनात उभे राहायचे तर अंगावर किमान आठ भोवरे असावे लागतात, आणि जिथे दोन भोवरे भिडतात तिथे शेताच्या बांधासारखे केस ताठ उभे राहतात. डोक्यावर दोन भोवरे असलेल्या मुलाची दोन लग्ने होतात, हे आईचे जुने शास्त्र. आठ मोजून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "अरे, याला मुलगी कोण देणार?"

नावात ॲबिसिनिया (म्हणजे आफ्रिकेतला इथिओपिया) असली, तरी त्याचे कूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले. पुण्याच्या एप्रिलशी त्याचे गोत्र जुळत नाही. पारा २६ अंशांच्या वर गेला की त्याच्या उष्माघाताचे भय, म्हणून एसीची खोली त्याची आणि गरगरणारा पंखा आमचा. माणसाप्रमाणेच त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे रोज ढोबळी मिरची आणावी लागते. हल्ली फ्रीजचे दार वाजले की तो अशी शिट्टी मारतो, की खालच्या मजल्यावरच्या काकू गॅस बंद करायला धावतात.

लग्नाच्या बाबतीत मात्र आईचे निम्मे खरे ठरले. हा कळपात राहणारा प्राणी. स्वित्झर्लंडमध्ये तर त्याला एकटा पाळणे कायद्याने मना आहे. मादी आणली असती तर दोन-सव्वादोन महिन्यांत बारसे करावे लागले असते, म्हणून आम्ही त्याचा सख्खा भाऊ आणला. रंग तोच, भोवरेही तेवढेच.

इथे माझा हिशेब चुकला. पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्या पायांना तीन-तीन, अशी चौदा नखे महिन्याकाठी कापावी लागत होती, ती आता अठ्ठावीस झाली. काळ्या नखातली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून पत्नी खालून मोबाइलचा टॉर्च धरते, आई कोथिंबिरीची काडी पुढे करते आणि मी, श्वास रोखून, टोकाचा जेमतेम मिलिमीटरभर तुकडा उडवतो. परवाच्या रविवारी चौदा नखे निर्विघ्न पार पडली, विजयी वीराला मी पिंजऱ्यात सोडले आणि नेलकटर पुसून वर पाहतो तो दोन्ही भाऊ गवताच्या ढिगात शिरलेले. थोड्या वेळाने दोन सारखीच विस्कटलेली डोकी बाहेर आली. मी आईकडे पाहिले. तिने नवी काडी निवडायला घेतली.