‘आधी सिनेमा बघायला शिका’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मागच्या आठवड्यात कोर्टकचेरीचे तीन सिनेमे पाठोपाठ बघितले आणि त्यावर चार-चार ओळी लिहिल्या. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, त्याचाच हिंदी अवतार ‘एक रुका हुआ फैसला’ आणि चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’. त्यावर एका वाचकाची मोठी प्रतिक्रिया आली आहे. त्यात बरंच काही आहे, मेहनत घेऊन लिहिलंय हे दिसतं, पण मला जे लागलं ते वाक्य जसंच्या तसं देतो: “‘दमून आला असाल तर आज कोर्ट बघू नका’ असं लिहिणाऱ्याने पिंका टाकण्याआधी सिनेमा बघायला शिकावं.”

शिकावं म्हणजे कुणाकडून हो? तुमच्याकडून? आपली ओळख नाही, मी किती आणि काय बघितलंय हे तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही, माझ्या चार ओळी वाचून तुम्ही थेट माझी इयत्ता ठरवून मोकळे झालात. माझं मत चुकीचं वाटलं तर ‘हे पटलं नाही, कारण अमुक’ असं लिहा की, मी तासन् तास वाद घालायला तयार असतो, इथे नेहमी येणाऱ्यांना ते माहीत आहे. पण ‘आधी शिका’ म्हटलं की समोरच्याने एकतर मान खाली घालायची नाहीतर भांडायचं, तिसरं काही उरतच नाही. सिनेमावर बोलणाऱ्या मंडळींमध्ये ही खोड मी खूप वर्षं बघतोय आणि मला ती मनापासून आवडत नाही. यामुळेच कितीतरी चांगले प्रेक्षक ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं’ म्हणून गप्प बसतात.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. कॉलेजात असल्यापासून मी एका फिल्म सोसायटीत होतो. तेव्हा सिनेमा फोनवर मिळत नव्हता, प्रिंट यायची, कधी ऐनवेळी यायचीच नाही, प्रोजेक्टर मध्येच बंद पडायचा आणि लोक अंधारात बसून राहायचे. शोच्या आधी प्रेक्षकांना सिनेमाची ओळख करून देणारा अर्ध्या पानाचा झेरॉक्स कागद वाटायचे, तो लिहायचं काम पुढे माझ्याकडे आलं. आमचे जे ज्येष्ठ होते ते माझा कागद घ्यायचे आणि पेन्सिलीने अर्धा उडवायचे. गोष्ट सांगितलीस, काढ. शेवटाकडे इशारा केलास, काढ. ‘अप्रतिम’ लिहिलंस, म्हणजे काय ते सांग नाहीतर काढ. शेवटी जे उरायचं ते पाच-सहा ओळी, आणि त्या वाचून माणूस आत जाऊन बसायचा. तर मी थोडक्यात लिहितो ते आळसाने नाही, मला तसं शिकवलं गेलंय. लांब लिहिणं मला कधीच अवघड गेलं नाही, हे उत्तर बघताच आहात.

‘कोर्ट’बद्दल मी काय लिहिलं होतं ते सगळंच परत देतो, कारण तुम्ही त्यातलं एकच वाक्य उचललंत. “२०१४ चा सिनेमा. संथ आहे आणि मुद्दाम संथ आहे. कोर्टात तारखेला जाऊन बसल्यावर जे होतं तेच बघताना होतं. दमून आला असाल तर आज बघू नका, डोकं ताजं असताना बघा, पण बघाच.” यातलं ‘मुद्दाम’ तुम्हाला दिसलं नाही, ‘पण बघाच’ दिसलं नाही, फक्त ‘दमून’ दिसलं. आणि मग त्यावरून तुम्ही मला समजावताय की हा संथपणा हेच दिग्दर्शकाचं म्हणणं आहे. अहो तेच तर लिहिलंय!

कॅमेरा लांब ठेवलाय, बहुतेक वेळ हलत नाही, कुणाचा चेहरा मोठा करून दाखवत नाही, त्यामुळे फ्रेममध्ये कुठे बघायचं हे आपलं आपण ठरवायचं. लोकशाहीर नारायण कांबळेवर खटला काय, तर त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. हा आरोप कोर्टात ज्या सपाट आवाजात वाचला जातो, कलमांमागून कलमं, तिथे हसावं की काय करावं कळत नाही. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील दिवसभर त्या माणसाला आत ठेवा म्हणून युक्तिवाद करते आणि मग सिनेमा तिच्याबरोबर लोकलने तिच्या घरी जातो, तिचा स्वयंपाक बघतो, तिच्याबरोबर नाटकाला जातो. ती खलनायिका नाहीये, तिचं काम करतेय, आणि मला तरी सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. कांबळेचं काम करणारे वीरा साथीदार तर अभिनय करतायत असं वाटतच नाही. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा मी त्यांचा स्टेजवरचा प्रसंग परत लावून बघितला होता. आता सांगा, हे सगळं अर्धवट झोपेत, एका डोळ्याने फोन बघत बघितलं तर काय हाती लागणार? वीसेक मिनिटांत माणूस ‘काही घडतच नाही यार’ म्हणून बंद करतो आणि मग आयुष्यात परत लावत नाही. माझ्या घरातच हे झालंय, म्हणून लिहिलं. दमलेल्या माणसाला आज नको म्हणणं हा सिनेमाचा अपमान वाटत असेल तर आपली सिनेमाबद्दलची काळजी वेगळ्या जातीची आहे, त्याला माझा इलाज नाही.

आणि चार ओळी म्हणजे पिंक, हे कुणी ठरवलं? रॉजर ईबर्ट घ्या. १९७५ साली पुलित्झर मिळालेला पहिला सिनेसमीक्षक, वर्तमानपत्रात लांब परीक्षणं लिहायचा आणि तोच माणूस टीव्हीवर जीन सिस्केल या दुसऱ्या समीक्षकाशेजारी बसून अंगठा वर नाहीतर अंगठा खाली करायचा. लिओनार्ड मॉल्टिनचं गाईड १९६९ पासून २०१४ पर्यंत निघत राहिलं, त्यात हजारो सिनेमे आणि एकेकाला जेमतेम काही ओळी, आणि लोक ते टीव्हीजवळ ठेवायचे. या माणसांना सिनेमा बघता येत नव्हता? परीक्षण सिनेमा बघून झाल्यावर वाचायचं असतं, निदान मी तरी तसंच वाचतो. थोडक्यातलं मत त्या माणसासाठी असतं जो आत्ता रिमोट हातात धरून बसलाय आणि अर्धा तास नुसता याद्या सरकवतोय. त्याला मिझाँसेन, म्हणजे फ्रेममध्ये काय कुठे का मांडलंय याची चर्चा, नकोय, त्याला हवंय की कुणीतरी विश्वासातल्या माणसाने सांगावं, लाव किंवा नको लावू. मला हे काम छोटं वाटत नाही.

बाकीचे मुद्दे पटकन घेतो. दिग्दर्शकांची नावं दिली नव्हती हे बरोबर, द्यायला हवी होती, आता घातली आहेत: ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ सिडनी ल्युमेटचा, १९५७ आणि ‘एक रुका हुआ फैसला’ बासू चटर्जींचा, १९८६. यावर वाद नाही.

‘एक रुका हुआ फैसला’मध्ये ज्युरी, म्हणजे खोलीत बसून निकाल ठरवणारी बारा सामान्य माणसं, दाखवलीय आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर आपल्याकडे फौजदारी खटल्यांना ज्युरी उरलीच नाही, हे मी लिहिलं नाही म्हणून मला माहीत नाही असं होत नाही. पंकज कपूर आणि अन्नू कपूरला समोरासमोर बघताना हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही, तुम्हाला पडला असेल तर पडू दे.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’च्या लेन्सचं म्हणाल तर तेही ठाऊक आहे. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर, मग डोळ्यांच्या रेषेत, शेवटी खाली, म्हणून शेवटी शेवटी छत दिसायला लागतं, आणि लेन्सची फोकल लेंग्थ वाढवत नेल्याने, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्स वापरत गेल्याने, भिंती अंगावर आल्यासारख्या होतात. ल्युमेटने हे स्वतःच लिहून ठेवलंय. पण जो माणूस हा ९६ मिनिटांचा सिनेमा पहिल्यांदा बघणार आहे त्याला मी हे आधी सांगितलं तर तो बारा माणसांऐवजी छताकडे बघत बसेल. मी ‘खोली लहान होत गेल्यासारखी वाटते’ एवढं लिहिलं, तेवढं पुरे.

स्टार का देत नाही, तर देणार नाही. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या वेबसाइटचा आकडा लोक सिनेमाचे मार्क समजतात, तो असतो किती टक्के समीक्षकांना आवडला याचा, साठ किंवा त्याच्या वर गेला की ‘फ्रेश’. म्हणजे सगळ्यांना नुसता ठीकठाक वाटलेला सिनेमाही शंभर मिळवू शकतो. असल्या आकड्यात मला भर घालायची नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, आहे तशी राहील. ‘कोर्ट’वर तुम्हाला इतकं म्हणायचं असेल तर सविस्तर लिहा, मी पूर्ण वाचेन आणि इथे सगळ्यांना वाचायला सांगेन, हे मनापासून म्हणतोय. फक्त त्यात परत कुणाला ‘आधी शिका’ म्हणालात तर माझ्याकडून उत्तर येणार नाही.