सुया गळाल्या म्हणून लार्च तोडू नका

थंड मुलखात बाग करणाऱ्यांत एक सल्ला सारखा फिरतो: ‘सूचिपर्णी झाड बारमाही हिरवंच असतं. सगळ्या सुया पिवळ्या पडून गळाल्या की झाड मेलं समजा. सुया गाळणाऱ्या जाती कडक थंडीत तगत नाहीत, शिवाय त्यांना दलदल लागते.’ या सल्ल्यापायी धडधाकट झाडांवर करवत चालते.

लार्च, डॉन रेडवुड, बाल्ड सायप्रस ही सूचिपर्णी झाडं दर शरदात सुया गाळतातच. आपल्या सिक्कीमच्या उंचीवरचा लार्चही तेच करतो. शंका असेल तर डहाळीची साल नखाने हलकेच खरवडा. खाली ओलसर हिरवा थर दिसला की डहाळी जिवंत. कोरडं तपकिरी दिसलं तर खोडाकडे सरकत आणखी दोन-तीन जागी बघा. लार्चच्या जुन्या डहाळीवर बुटके, पिंपाच्या आकाराचे कोंब असतात. वसंतात सुयांचे झुबके तिथूनच फुटतात. डॉन रेडवुड तर सुयांसकट बारीक डहाळ्याच टाकतो, खाली पिसांसारखा सडा पडतो. काळजी करायची ती जून-जुलैत सुया पिवळ्या पडल्या तर.

थंडीचं म्हणणं तर उलटंच आहे. टॅमरॅक हा लार्च अलास्कापासून लॅब्राडोरपर्यंत उणे ४० अंशांतही उभा असतो. जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि ऊन-वारा सदाहरित झाडाच्या सुयांतलं पाणी काढून नेतात. म्हणून सदाहरित थुजा वसंतात करपलेला दिसतो. सुयाच नसलेल्या लार्चला हा धोका नाही. डॉन रेडवुड त्यामानाने नाजूक. जुलैनंतर नत्रखत दिलं तर कोवळी वाढ पहिल्याच हिमकडाक्यात काळी पडते.

दलदलीचं अर्धंच खरं. टॅमरॅकला ओल चालते. युरोपियन लार्चला मात्र निचरा हवाच. बाल्ड सायप्रस साध्या बागेत छान वाढतो. त्याची खरी अडचण चुनखडीची माती: सामू (pH) ७.५च्या वर गेला की लोह मिळत नाही आणि सुया भर उन्हाळ्यात पिवळ्या पडतात. लावण्याआधी माती तपासून घ्या.

लार्च वसंताच्या सुरुवातीला, कळ्या फुटायच्या आत लावा, कारण तो फार लवकर फुटतो. जागा भरपूर उन्हाची. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याइतकीच; खोल गाडलं की मुळं गुदमरतात. लाकडी चिप्सचं ७-८ सेंमी आच्छादन द्या, खोडाभोवती चार बोटं मोकळी ठेवा. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्याला सुमारे २० लिटर पाणी. आणि घरापासून निदान ८ मीटर लांब लावा. लार्चच्या बारीक सुया छपराच्या पन्हाळीत साचून ती तुंबते.