यंदा किती विद्यार्थी घेणार?

सत्र सुरू व्हायच्या पंधरा-वीस दिवस आधी हा फोन हमखास येतो. पलीकडे समाजकार्य कॉलेजचे फिल्डवर्क कोऑर्डिनेटर असतात, म्हणजे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम शिकायला संस्थांमध्ये पाठवणारे. इकडचं तिकडचं बोलून झालं की प्रश्न येतो, "यंदा किती विद्यार्थी घेणार?" त्यांच्या हातात साठ-सत्तर मुलांची यादी असते, संस्थांची यादी त्याहून बरीच तोकडी असते, आणि दोन्हींचा मेळ आठवडाभरात घालायचा असतो. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण चौदा वर्षं संस्थेच्या बाजूनं सुपरवायझरचं काम केल्यावर मला वाटतं की या प्रश्नाची सुरुवातच चुकते. किती घेणार हे नंतर ठरवू. आधी विचारा, या मुलांसोबत बसणारं माणूस तुमच्याकडे कोण आहे, आणि आठवड्यातला कोणता तास त्या माणसानं राखून ठेवलाय? हे मला आजवर एकाच मॅडमनी विचारलंय.

मुलांचंही काही वेगळं नसतं. दर जूनमध्ये इनबॉक्सात तोच मेसेज असतो: "ताई, कुठली एजन्सी चांगली?" एजन्सी म्हणजे फिल्डवर्कसाठीची संस्था. आणि चांगली म्हणजे काय, तर नाव मोठं हवं, सर्टिफिकेटवरचा लोगो ओळखीचा हवा आणि जमलंच तर पुढे तिथेच नोकरी लागावी. मी हसत नाही, कारण मीही तेच केलं होतं.

पहिल्या वर्षी मला अशीच एक नावाजलेली संस्था मिळाली. वर्गात सगळ्यांना हेवा वाटला. ओरिएंटेशन झालं, प्रेझेंटेशन झालं, गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक मिळालं. दुसऱ्या आठवड्यापासून मी सर्वेक्षणाचे फॉर्म एक्सेलमध्ये भरत होते. कार्यक्रम असला की खुर्च्या मांडायच्या, फोटो काढायचे, उपस्थितीच्या कागदावर सह्या घेत फिरायचं. सुपरवायझर सर भला माणूस, पण त्यांच्या मानेवर सहा प्रोजेक्ट. आमची आयसी, म्हणजे सुपरवायझरनं एकेका विद्यार्थ्यासोबत बसून करायची चर्चा, व्हायची कॉरिडॉरमध्ये, चालता चालता. "काही अडचण नाही ना?" "नाही सर." आपली अडचण काय आहे हे कळायला जेवढं कळावं लागतं तेवढंही मला तेव्हा कळत नव्हतं! रिपोर्टांमध्ये मात्र 'रॅपो बिल्डिंग केले', म्हणजे लोकांशी विश्वासाचं नातं जोडलं, हे वाक्य मी अकरा वेळा लिहिलंय. परवा जुनी फाइल सापडली तेव्हा मोजलं. रॅपो नेमका कोणाशी, हे ना संस्थेनं विचारलं ना कॉलेजनं.

दुसऱ्या वर्षी यादीत शेवटी उरलेली संस्था माझ्या वाट्याला आली. दोन खोल्या, तीन कार्यकर्त्या. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जायचं, त्यांचे कागदपत्रांचे प्रश्न सोडवायचे, दवाखान्यात सोबत करायची, एवढंच काम. मैत्रिणींनी माझी कीव केली. तिथल्या ताई शुक्रवारी चार वाजले की दार लोटून घ्यायच्या आणि फोन उलटा ठेवायच्या. तो तास माझा. मी लिहिलेलं प्रोसेस रेकॉर्डिंग समोर असायचं. एका रकान्यात झालेलं बोलणं जसंच्या तसं, दुसऱ्यात त्या वेळी मला काय वाटलं ते, आणि तिसरा रकाना त्यांच्यासाठी कोरा.

एकदा मी लिहिलं होतं, 'आजोबा मुलाविषयी बोलताना भावुक झाले. मी विषय बदलला व पेन्शन योजनेची माहिती दिली.' ताईंनी 'विषय बदलला' याखाली रेघ ओढली आणि विचारलं, "जड कोणाला जात होतं? त्यांना की तुला?"

त्या शुक्रवारी आम्ही पुढच्या ओळीवर गेलोच नाही. केसवर्कचा, म्हणजे एकेका माणसासोबत काम करण्याचा, पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झाले, पण केसवर्क शिकले ते त्या एका रेघेपाशी.

यात नवं काहीच नाही, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत समाजकार्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या मेरी रिचमंड यांनी १८९७ मध्ये या कामाच्या प्रशिक्षण शाळेची मागणी केली. त्यांचं म्हणणं असं होतं, की आम्ही चाचपडत, चुका करत जे शिकलो ते चाचपडणं आमच्यामागून येणाऱ्यांच्या नशिबी येऊ नये, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, न्यूयॉर्कच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीनं सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरवला आणि समाजकार्याच्या औपचारिक शिक्षणाची सुरुवात झाली. त्याआधी लंडनमध्ये टॉयनबी हॉल (१८८४) आणि शिकागोत हल हाउस (१८८९) उभे राहिले होते. तिथे शिकली-सवरलेली तरुण माणसं गरीब वस्तीतच राहायला गेली. म्हणजे आपल्या विषयाला वर्गखोली मिळायच्या आधी वस्ती मिळाली. पण नुसतं वस्तीत सोडून दिलं की माणूस आपोआप शिकतो, असं रिचमंडबाईंनाही वाटत नव्हतं. त्यांचा आग्रह नेमका याच्या उलट होता.

आता तासांचं बघा. अमेरिकेत पदवीला किमान ४०० आणि पदव्युत्तरला ९०० तास फिल्डवर्क लागतं. इंग्लंडमध्ये प्लेसमेंटचे, म्हणजे फिल्डवर्कचेच, १७० दिवस असतात. ऑस्ट्रेलियात १००० तास. करोनाच्या काळात समाजकार्य शिक्षणाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन परिषदेनं ८५ टक्के तासांवर भागवून घ्यायची सवलत दिली होती आणि फोनवरून केलेलं कामही धरलं जात होतं. ते योग्यच होतं. पण तास जेवढे सहज मोजता येतात तेवढं दुसरं काही मोजता येत नाही, म्हणून आपण तासच मोजत बसलो. फॉर्म भरण्यात गेलेला तास आणि रडणाऱ्या माणसासमोर गप्प बसून काढलेला तास हजेरीपटावर सारखेच दिसतात.

याच अमेरिकन परिषदेनं २००८ मध्ये आपल्या मानकांत फिल्डवर्कला समाजकार्याची 'सिग्नेचर पेडागॉजी' म्हटलं. म्हणजे त्या व्यवसायाची ओळख पटवणारी शिकवण्याची खास रीत. ही कल्पना शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांची, आणि तिचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे डॉक्टरांचा वॉर्डातला राउंड. उदाहरण मला फार आवडतं, पण जरा नीट बघा. राउंडला शिकाऊ डॉक्टर खाटेपाशी एकटा नसतो. शेजारी सीनियर उभा असतो, विचारतो, टोकतो, वेळ पडली तर स्वतः पुढे होतो. आपला विद्यार्थी तिसऱ्या दिवशी क्लिपबोर्ड घेऊन अनोळखी घराच्या दारात एकटा उभा असतो. नाव तेच दिलं आणि शेजारचा माणूस तेवढा काढून घेतला!

अमेरिकेतल्या समाजकार्य शिक्षिका बर्था रेनॉल्ड्स यांनी १९४२ मध्येच शिकण्याचे टप्पे सांगून ठेवलेत. पहिला टप्पा स्वतःबद्दलच्या तीव्र अवघडलेपणाचा. आपले हात कुठे ठेवावेत हेसुद्धा सुचत नाही. मग येतो गटांगळ्या खात कसंबसं तरंगण्याचा. त्यापुढे एक चमत्कारिक टप्पा असतो: समोर काय चाललंय ते समजतं, पण त्याप्रमाणे वागणं अजून हातात आलेलं नसतं. माझी बहुतेक मुलं इथेच येऊन निराश होतात. त्यांना वाटतं आपण मागे जातोय. खरं तर ती पुढे आलेली असतात, पण हे सांगायला कोणीतरी समोर असावं लागतं.

माझ्या संस्थेबद्दलही सांगते, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांना उपदेश केल्यासारखं होईल. एका वर्षी आमच्याकडे दोन प्रोजेक्ट एकदम आले आणि मी पाच विद्यार्थी घेतले. मनात हिशेब साधा होता, पाच मुलं म्हणजे दहा हात. आयसी आधी पंधरा दिवसांनी व्हायला लागली, मग महिन्यानं. त्यातली एक मुलगी गृहभेटीला गेली असताना तिच्या डोळ्यांदेखत त्या घरात मारहाण झाली. ती तिथून निघून आली आणि रिपोर्टात लिहिलं, 'घरी कोणी नव्हते.' मला हे तीन आठवड्यांनी कळलं, तेही दुसऱ्या मुलीकडून. विचारलं तर म्हणाली, "मॅम, तुम्ही कायम घाईत असायचा." त्या घरातल्या बाईला मदत मिळायला जे तीन आठवडे उशीर झाला, तो माझ्या दहा हातांच्या हिशेबामुळे झाला.

तेव्हापासून मी दोनच घेते.

लगेच कोणीतरी म्हणेल, ताई, मग उरलेल्यांनी जायचं कुठे? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की संस्था कमी आहेत हे अर्धंच खरं. लहान संस्था, ज्येष्ठांची केंद्रं, अपंगांच्या पालकांचे गट, भाडेकरूंच्या संघटना, निवारे, शाळा, ग्रंथालयं यांच्याकडे आपण बघतच नाही, कारण तिथे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झालेलं कोणी नसतं. यावर तोडगा आहे आणि तो पुष्कळ ठिकाणी वापरातही आहे. रोजचं काम तिथला अनुभवी माणूस दाखवतो, आणि समाजकार्याच्या नजरेनं आठवड्याची चर्चा करायला बाहेरचा प्रशिक्षित सुपरवायझर येतो. एकाच वस्तीत चार विद्यार्थी आणि त्यांच्यासाठी कॉलेजचाच एक माणूस, अशी स्टुडंट युनिटची पद्धतही जुनी आहे. यासाठी कॉलेजला प्राध्यापकाच्या वर्कलोडमध्ये हे तास खरोखर धरावे लागतात. कागदावर ते बहुतेकदा असतात. पण कॉलेजकडचे फॅकल्टी सुपरवायझर सत्रात एकदा येऊन सही करून जात असतील, तर त्याला भेट म्हणतात, सुपरव्हिजन नाही.

पैशांचंही दोन शब्दांत सांगते. ज्यांना संध्याकाळी कुठेतरी काम करून घर चालवावं लागतं, त्यांच्यासाठी बिनपगारी प्लेसमेंट ही चैन आहे. ऑस्ट्रेलियात यालाच 'प्लेसमेंट पॉव्हर्टी' म्हणायला लागले, आणि तिथे १ जुलै २०२५ पासून समाजकार्य, नर्सिंग, मिडवाइफरी आणि शिक्षकी पेशाच्या गरजू विद्यार्थ्यांना सरकारी भत्ता सुरू झाला. गरिबीवर काम करायला शिकणारा विद्यार्थी स्वतः गरीब असूच शकत नाही, असं धरून जगभर अभ्यासक्रम कोणी आखले कोण जाणे.

आता ज्याबद्दल मला खरं तर सगळ्यात जास्त बोलायचंय ते.

आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथे एक आजी आहेत. एका वर्षी नवी विद्यार्थिनी त्यांच्याकडे गेली. नमस्कार केला, वही उघडली, विचारलं, "आजी, घरात कोण कोण असतं?" आजींनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तू कितवी गं?"

तिला कळेना. आजी म्हणाल्या, "दर साली एक पोरगी येते. घरात कोण कोण, विचारते. मी सांगते. मुलगा गेल्याचं सांगताना रडते. ती पण रडते. परीक्षा झाली की यायची बंद होते. मागच्या सालची म्हणाली होती, येईन म्हणून."

ती मुलगी माझ्यासमोर बसून हे सांगत होती आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती. मागच्या सालची मुलगी माझीच विद्यार्थिनी होती. त्याच्या आधीचीही. टर्मिनेशन, म्हणजे काम संपवून निरोप घेणं, कसं करायचं ते आम्ही शिकवतो, त्याला मार्कही असतात. पण आजींच्या बाजूनं ते दर साली तेच घडत होतं आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. फिल्डवर्कची फी कॉलेज विद्यार्थ्याकडून घेतं, पण शिकवणीचा खरा खर्च आजी भरतात, आपलं दुःख नव्या पोरीला पुन्हा पहिल्यापासून सांगून. मेरी रिचमंड विद्यार्थ्यांच्या चाचपडण्याची काळजी करत होत्या. ज्यांच्या अंगावर ते चाचपडलं जातं त्यांचं काय?

त्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. जुना विद्यार्थी जायच्या आधी नव्याला सोबत घेऊन एकदा तरी घरी जातो. तारखा जुळत नसतील तर आमची कार्यकर्ती जाते. आपण किती तारखेपर्यंत येणार ते पहिल्याच भेटीत सांगायचं, कॅलेंडर दाखवून. 'येत राहीन' हे शब्द बंद. आणि फाइलमध्ये जे आधीच लिहिलेलं आहे ते पुन्हा विचारायचं नाही. एकदा एका फॅकल्टी सरांनी तक्रार केली, की विद्यार्थ्यानं केस हिस्टरी स्वतः घेतली नाही तर असाइनमेंट पूर्ण कशी होणार? मी म्हटलं, सर, असाइनमेंट बदला. ते अजून माझ्याशी थोडे तुटकच बोलतात.

म्हणून 'कुठली एजन्सी चांगली' असं विचारणाऱ्यांना मी हल्ली सांगते, ओरिएंटेशनच्या दिवशी लोगो बघू नका. सुपरवायझरला विचारा, आयसी कोणत्या वारी, किती वाजता आणि कुठे बसून होणार. उत्तर 'बघू, कधीही या' असं आलं तर सावध व्हा. मागच्या वर्षीचे विद्यार्थी काय करायचे ते विचारा आणि उत्तरात 'डेटा' हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. घरी जाताना पहिल्या महिन्यात सोबत कोण असेल, आणि काही वाईट घडलं तर त्याच दिवशी कोणाला फोन करायचा, तेही विचारून घ्या. आगाऊ म्हणतील. म्हणू द्यात.

परवा फोन आलाच. "मॅडम, यंदा किती घेणार? पाच तरी घ्या, फार अडचण आहे."

"दोन," मी म्हटलं. "एकीचा मंगळवार तीन वाजता, दुसऱ्याचा शुक्रवार चार वाजता. तिसऱ्यासाठी माझ्याकडे तास नाही. पण पलीकडच्या वस्तीत पालकांचा एक गट आहे, तिथल्या बाई फार छान काम करतात. त्यांच्याकडे दोघं जाऊ शकतील. तुमच्याकडून दर आठवड्याला कोण येणार ते आधी सांगा."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "विचारून सांगतो."

अजून फोन आलेला नाही.