नाक कुणाचं, कान कुणाचे

बाळंतपण आटोपून माहेराहून सासरी आले तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये रोज नाकाचा न्यायनिवाडा चालतो. येणारं प्रत्येक माणूस झबलं-टोपडं हातात टेकवतं, चहा घेतं आणि पाळण्यात डोकावून निकाल देऊन मोकळं होतं. "नाक अगदी अप्पांचं!" "छे हो, कपाळ बघा, आजोळावर गेलाय." रंग सावळा वाटला की सगळे माझ्याकडे बघणार, बोटं लांबसडक दिसली की नवऱ्याकडे, आणि तो गालातल्या गालात हसणार, त्याचं काय जातंय.

मी ज्युनियर कॉलेजला बायो शिकवते. अकरावीच्या पोरांना मिऑसिस, म्हणजे शुक्रपेशी-अंडपेशी बनवणारं पेशीविभाजन, समजावताना घसा बसतो, पण डोकं फिरत नाही. परवा मात्र चुलत सासूबाई म्हणाल्या, "हा शंभर टक्के अप्पाच गं," आणि मी पाळण्याची दोरी ओढता ओढता सुरूच झाले. म्हटलं काकी, शंभर टक्के होणारच नाही. आपल्या पेशीत 46 क्रोमोसोम (आईबापाचे गुण वाहून आणणारे डीएनएचे धागे), म्हणजे 23 जोड्या (हे 46 सुद्धा 1956 साली नक्की झालं, तोवर शास्त्रज्ञच 48 धरून चालले होते, आणि तुम्ही चहा गार व्हायच्या आत नाक ओळखता!). जोडीतला एक आईकडचा, एक बापाकडचा. शुक्रपेशी नाहीतर अंडपेशी बनताना डीएनएची कॉपी एकदाच निघते पण विभाजन दोनदा होतं, म्हणून 23 च उरतात, नाहीतर दर पिढीला दुप्पट झाले असते. त्यातही वेगळं व्हायच्या आधी जोडीतले दोघं एकमेकांना चिकटून बसतात आणि मधलेच तुकडे अदलाबदल करतात, त्याला क्रॉसिंग ओव्हर म्हणतात. म्हणजे तुमच्या पुतण्याकडून जे आलंय त्यात एकाच क्रोमोसोमवर थोडे अप्पा आणि थोड्या सासूबाई.

काकी "हो का" म्हणाल्या आणि बिस्किट बुडवलं. सासूबाईंना मात्र त्यांचं नाव बरोब्बर ऐकू गेलं, त्या ओट्यापासून बाहेर आल्या.

नवऱ्याने मोबाईलवर हिशोब केला. अदलाबदल सोडून द्या, नुसतं कुठल्या जोडीतला कोण उचलला जाईल एवढंच धरलं तरी एका माणसाकडून 83,88,608 प्रकार, आणि आमच्या दोघांचे मिळून 70 लाख कोटींच्या वर. एवढ्यातून एक कार्टं निघालं आणि ते रात्रभर जागतं, ते कुणावर गेलंय हे मात्र कोणी सांगत नाही.

अप्पांचा चेहरा पडला म्हणून मीच सावरलं, की मुलगा ठरवणारा वाय क्रोमोसोम तुमचाच हो, तो बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा येतो. ते खुलले. पण तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर असलेल्या माझ्या आईने विचारलं, आमचं काही नाही का? आहे ना. मी तुझ्या पोटात होते तेव्हाच माझ्या अंडपेशींनी हे विभाजन सुरू केलं आणि पहिल्याच टप्प्यात सगळ्या अडून बसल्या, त्यातली एक तीसेक वर्षांनी पुढे सरकली, आणि तिचं दुसरं विभाजन तर शुक्रपेशी आत शिरल्यावरच पूर्ण झालं. तेव्हा याची अर्धी तयारी तुझ्याच पोटात झाली होती. आईने फोन तिथूनच शेजारच्या काकूंना दाखवायला नेला. सासूबाई पुन्हा ओट्याकडे.

"मग पुरुषाचं?" अप्पांनी विचारलं. म्हटलं, तिथे एका पेशीच्या चार शुक्रपेशी होतात, चारही सारख्याच आकाराच्या. बाईकडे तसं नाही. क्रोमोसोमची वाटणी सारखीच होते, पण जवळजवळ सगळं अन्नपाणी एकाच अंडपेशीला जातं, बाकीच्या दोन-तीन चिमुकल्या पेशी नुसत्याच राहतात आणि जिरून जातात.

अप्पांनी कप खाली ठेवला. "म्हणजे सातबाऱ्यावर नाव सगळ्यांचं आणि विहिरीसकट जमीन एकट्याला," असं म्हणून त्यांनी काकींकडे असं काही बघितलं की काकी ताडकन म्हणाल्या, "भावजी, मोजणी तुम्हीच अडवलीय!" पुढचा तासभर तलाठी, बांध, सामाईक विहीर आणि 1998 सालचं वाटणीपत्र.