'एसएसडी टाका, विषय संपला' म्हणणाऱ्या सरांना

सर, तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, दुकानाचं शटर वर करायच्या आधी. दुपारपर्यंत डोक्यातून गेली नाही, म्हणून हे उत्तर. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: मोठी फाइल कॉपी होताना सगळा डेस्कटॉप का गोठतो आणि लिनक्समध्ये डर्टी रेशोचा आकडा (डिस्कवर लिहायचा राहिलेला माल रॅममध्ये किती साठू द्यायचा, ती मर्यादा) खाली आणल्यावर काय फरक पडतो, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर सरांचे चार-पाच मुद्दे, आणि त्यात हे वाक्य: "गावाकडच्या दुकानदारांनी कर्नलच्या गप्पा मारण्यापेक्षा गिऱ्हाइकाला एसएसडी टाका, रॅम वाढवा असं सांगावं, विषय संपला." (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; एसएसडी म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर लिहिणारी वेगवान डिस्क.)

आधी माझी चूक. डर्टी रेशोचे २० टक्के एकूण रॅमचे नसतात, त्या घडीला उपलब्ध असलेल्या मेमरीचे असतात. मी 'एकूण' लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता 'गावाकडच्या'. हा शब्द काढला असता तरी वाक्य उभं राहिलं असतं की! मग घातला कशाला? जिंतूरला १९ वर्षं झाली मला या धंद्यात. पहिली मशीन २५६ एमबी रॅमची होती आणि दिवसातून आठ-आठ तास लोडशेडिंग. लाइट गेली की हार्ड डिस्कवर लिहायचं राहिलेलं काय-काय गेलं, ते मी गिऱ्हाइकासमोर उभं राहून शिकलोय. कर्नलच्या गप्पा तिथून सुरू झाल्या. हौस म्हणून नाही.

आणि एसएसडीचं म्हणाल तर ऐका. २०२३ चा जुलै, एक रुपयात पीकविमा, शेवटचा आठवडा. दुकानाबाहेर रांग, प्रत्येकाच्या हातात सातबारा आणि आधारची झेरॉक्स. तेवढ्यात ओळखीतला एक पोरगा आला, "काका, लग्नाचा व्हिडिओ तेवढा पेनड्राइव्हवर टाकून द्या." लावला. पाचव्या मिनिटाला ब्राउझर पांढराफटक. माउसचा बाण फिरतोय, पण कुठंच क्लिक लागेना. टर्मिनल कसंबसं उघडलं, किल मायनस नऊ (जबरदस्तीनं बंद करायची आज्ञा) मारलं, तरी प्रोसेस जागची हलेना. स्थितीच्या रकान्यात 'डी', म्हणजे डिस्कची वाट बघत बसलेली. तिला मारताच येत नाही. रांगेतले एक मामा म्हणाले, "बैल बसला तर शेपटी तरी पिरगाळता येते, याची कुठली पिरगाळायची?"

त्या मशीनला एसएसडी होती सर. आणि ८ जीबी रॅम.

का गोठली, ते मागच्या लेखात होतं, पण तुम्ही बहुधा मथळ्यावरच थांबलात. प्रोग्राम लिहायला गेला की कर्नल ते रॅममध्ये ठेवून घेतं आणि 'झालं' म्हणून मोकळं होतं. खरं लिखाण मागून, सवडीनं. लिहायचं राहिलेलं उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांना पोचलं की मागचं काम सुरू होतं, २० टक्क्यांना लिहिणाऱ्याला थांबवतात, आणि दोन्हींच्या मध्यापर्यंत कुणालाच अडवत नाहीत. उपलब्ध ६ जीबी धरा, त्याचे १५ टक्के म्हणजे ९०० एमबी. स्वस्तातला पेनड्राइव्ह सेकंदाला ५ एमबी लिहितो. करा भागाकार: तीन मिनिटं. एसएसडीनं एवढा माल चुटकीसरशी आणून ओतला आणि पुढचं तोंड बाटलीचं. म्हणजे आतली डिस्क जितकी चपळ, तितकं तुंबणं लवकर. रॅम वाढवली तर टक्क्यांचा आकडाही फुगतो, म्हणजे वाट बघणारा माल आणखी जास्त. म्हणून मी टक्क्यांऐवजी डर्टी बाइट्समध्ये ठोक आकडा टाकायला सांगत होतो. रुपया लागत नाही त्याला.

एसएसडी वाईट असं मी कुठं म्हटलं, दाखवा. मिनिटाला ७२०० फेरे मारणारी हार्ड डिस्क इथली-तिथली वाचणी सेकंदाला शंभराच्या आसपास करते, एसएसडी हजारोंनी करते. हे मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो. पण ज्याची सोयाबीन पावसानं गेली त्याला 'टाका' म्हणताना जीभ जड होते. तुमची झाली नाही. असो.

बाकीचे मुद्दे. नव्या कर्नलमध्ये प्रत्येक उपकरणाचा वेगळा हिशेब असतो: असतो, माहीत आहे, आणि ४.१० मध्ये, २०१७ साली, राइटबॅक थ्रॉटलिंगही (मागून होणाऱ्या लिखाणाला लगाम) आलं. तरी मामांची रांग थांबली ती थांबलीच. कर्नलच्या बगझिलावर, म्हणजे तक्रारींच्या वहीत, १२३०९ नंबरची तक्रार नेमकी याच दुखण्याची आहे. तिच्याखाली जगभरची माणसं कण्हत होती, ती काय सगळी जिंतूरची होती? स्मार्ट (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) तपासलं का? तपासलं. आयोनाइसबद्दल (डिस्कच्या कामात कुणाचा नंबर आधी, ते ठरवणारी आज्ञा) तुम्ही म्हणता की लिखाण मागून कर्नलचाच धागा करतो, म्हणून कॉपीला आयोनाइस लावून उपयोग नाही. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

आणि "आधी नीट अभ्यास करा" हे वाक्य सर, आमच्याकडं पोरांनासुद्धा चारचौघांत असं बोलत नाहीत.

परभणीहून तासाभराचा रस्ता आहे. कधीही या, चहा माझ्याकडं. मशीन तीच आहे, जुना आकडा परत टाकून दाखवतो. पेनड्राइव्ह मात्र माझा वापरू, तुमचा महागातला असणार.