सतरा रुपये सत्तर पैसे

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

सकाळी आईंना (सासूबाईंना) घेऊन बँकेत गेले होते. पेन्शनच्या खात्यातून दर तिमाहीला १७ रुपये ७० पैसे कापले जातात, एसएमएसचे म्हणून. आईंकडे मोबाइलच नाही! खात्याला नंबरही जोडलेला नाही. मग मेसेज जातात कुणाला? तर काउंटरवरून उत्तर आलं, "मॅडम, एवढ्याशा पैशासाठी कशाला भांडता?"

एवढ्याशा?

आमच्या गल्लीतल्या तीन घरांत विचारलं, तिन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांचे कापलेत. आमच्या सांगलीत खणभागापासून विश्रामबागेपर्यंत किती असतील बघा. म्हातारी माणसं भांडणार नाहीत, या भरवशावरच हे चालतं. आई तर म्हणाल्या, "जाऊ दे गं, देवाला वाहिले समजायचं." अहो, देवाला वाहायचे तर आपल्या हाताने वाहू ना!

एकट्याने तक्रार करायची सोय आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात (म्हणजे ग्राहक कोर्टात) फीसुद्धा नाही. पण १७ रुपयांसाठी कामावर खाडा करून तारखांना खेपा कोण घालणार? म्हणून तर एकत्र दावा हवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३५ वाचा. एकाच प्रकारे नुकसान झालेल्या सगळ्यांच्या वतीने एखाद-दुसरा ग्राहकही आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतो. आणि कलम ३९ तर मला फार आवडलं. नुकसान झालेले लोक इतके असतील की एकेकाला शोधणं सोपं नाही, तर आयोग एकरकमी पैसे भरायला लावू शकतो, आणि ती रक्कम त्या सेवेच्या किमतीच्या २५ टक्क्यांहून कमी ठेवता येत नाही. म्हणजे "कोणाकोणाचे कापले ते कुठे शोधायचं" ही सबबच उरत नाही.

अमेरिकेत लोक सरकारलाही सोडत नाहीत. फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पैसे वाचवायला नदीचं पाणी नळाला सोडलं आणि त्यात पाइपातलं शिसं उतरलं. लोकांनी एकत्र दावे लावले. २०२१ मध्ये कोर्टाने मंजूर केलेली तडजोड सुमारे ६२ कोटी ६० लाख डॉलरची, त्यातले ६० कोटी मिशिगन राज्याचे, २ कोटी फ्लिंट शहराचे. आपण काय करतो? नळाला गढूळ पाणी आलं की जार मागवतो.

हो, तिकडे वकील मोठा वाटा घेतात आणि लोकांच्या हाती कधीकधी किरकोळच पडतं. मान्य. पण कापणाऱ्याच्या खिशातून तर जातात ना!

काउंटरवरची ती मुलगी, खरं सांगायचं तर, बिचारी होती. समोर ही रांग, आणि नियम काही तिने केलेला नाही. तिच्यावर राग नाही माझा. आईंना तिने बसायला खुर्चीही दिली. राग आहे तो वर बसून हा हिशेब जमवणाऱ्यांवर.

सगळेच येणार नाहीत, ठाऊक आहे. त्यानेही अडत नाही. २०२१ मध्ये बंगळूरच्या फ्लॅटवाल्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, सगळ्यांच्या वतीने नाही जमलं तरी मोजके लोक आपल्यापुरती एकत्र तक्रार करू शकतात.

तर ज्यांच्या घरात असे पैसे कापलेत त्यांनी वर्षभराचं स्टेटमेंट काढून ठेवा आणि मला मेसेज करा. सगळ्यांच्या वतीने तक्रार करताना वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागली तर खर्च वाटून घेऊ. मिरजेत एक वकीलकाका ओळखीचे आहेत, त्यांच्याशी मी बोलते.